सुमनवैनींची फ्रेंच शाळा

सुमनवैनींना गप्प बसलेलं मी एकदाच पाहिलं. तेही फोंड्याहून डिचोलीला येणाऱ्या बसमध्ये, आणि जेमतेम अर्ध्या वाटेपर्यंत. एरवी त्या बोलत. वाळवण घालताना बोलत, नळाखाली कळशी लावून ती भरून वाहू लागली तरी बोलत, आणि बोलायला माणूस नसलं तर आमच्या कुंपणावरच्या कोंबडीला विचारत, "काय गे, आज तोंड कित्याक उतारला तुजा?"

त्या मूळच्या पेडण्याच्या. डिचोलीच्या आमच्या आळीत सून म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात पेडण्याचं ते खास अनुनासिक होतं: बरां, खरां, कसां. आळीतल्या बायका आधी हसल्या. वैनी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसल्या आणि वर्षभरात अर्धी आळी 'बरां' म्हणू लागली. माझी बायको कुंदा तर आजही म्हणते.

दुसरी खोड विचारण्याची. नवा पोस्टमन आला, की त्याला आधी पाणी आणि मग प्रश्न: "तुमी खंयच्या शाळेक गेल्लात?" पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला, तरी त्यालाही तेच. माणूस शाळेत घडतो की घरात, हे त्यांना एकदाचं कळून घ्यायचं होतं. मी हायस्कुलात चित्रकला शिकवत असे, त्यामुळे उत्तर मला ठाऊक असणार असा त्यांचा समज होता. मला ते आजही ठाऊक नाही.

सासरे तात यांचं बाजारात भुसारी दुकान. तात कट्टर मराठीवाले. मराठी की कोंकणी, हा राजभाषेचा वाद तेव्हा नुकताच शमला होता, म्हणजे रस्त्यावरून उठून घराघरात येऊन बसला होता. घटक राज्य झाल्याचे पेढे वाटताना तातांनी प्रत्येक पेढ्याबरोबर शुद्ध मराठीत छोटं भाषण दिलं होतं. वैनींचा धाकटा भाऊ अनंत तुयेच्या कारखान्यात कामाला. तो तितकाच कट्टर कोंकणीवाला. तो बहिणीकडे जेवायला आला, की कुंदा आमची खिडकी उघडून ठेवत असे. फुकटची सभा ऐकायला मिळायची. गंमत अशी, की तातांचं मराठी फक्त ठीकठाक असतानाच टिके. मनाला काही लागलं, की ते सपशेल कोंकणीत उतरत.

वैनींचा नवरा प्रकाश खाणीवरची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका देशात लोखंडाच्याच खाणीवर चांगली नोकरी लागली. तो वर्षभर एकटा राहिला आणि एका रविवारी तातांच्या दुकानात त्याचा फोन आला. फोनवर घरातले सगळे असे ओरडत, की आफ्रिकेपर्यंत तारेची गरजच काय, असं वाटावं. प्रकाश म्हणाला, घर मिळालंय, आता मुलांना घेऊन ये. फक्त शाळेचं ठरव. इथे दोन शाळा आहेत. एक कंपनीनं काढलेली इंग्रजी, पण ती चौथीपर्यंतच. पुढे मुलांना परत धाडावं लागतं. दुसरी फ्रेंच. तिथे सगळं फ्रेंचमधून, शिवाय इंग्रजी, शिवाय स्पॅनिश. तीसेक देशांची मुलं. आणि आठवड्यातून एक तास प्रत्येकाच्या घरच्या भाषेचा.

"फ्रेंच?" तातांनी गुळाच्या ढेपेवर हात आपटला. "आम्ही मराठीसाठी मोर्चे काढले ते नातवंडांना फ्रेंच करण्यासाठी?"

मुलं दोन. बापू सहा वर्षांचा, आईवर गेलेला. त्याला चंद्रावर सोडलं असतं तरी त्यानं तिथे कुणाला तरी गाठून गप्पा सुरू केल्या असत्या. खरा प्रश्न होता नऊ वर्षांच्या शमाचा. शमा घरात बोले. उंबरा ओलांडला, की तोंड बंद. शाळेत तिसरीपर्यंत तिचा आवाज बाईंनी ऐकला नव्हता. हजेरीला ती बोट वर करी आणि सगळा वर्ग तिच्या वतीनं ओरडे, "शमा हजर!" कुणी वाईट वागत नसे. उलट सगळे फार सांभाळून घेत.

"इथे निदान सगळ्यांना माहीत आहे पोर लाजरी आहे ते," तात म्हणाले. "तिथे मुकी समजतील. प्रकाशला तिथे राहू दे, बापूला घेऊन तूही जा हवं तर. शमा माझ्याकडे राहील."

हे ते प्रेमानंच बोलले. पण घर दोन ठिकाणी मोडायचं, आणि मुलगी मागे ठेवायची, हे वैनींना गिळवेना. त्या संध्याकाळी आमच्या सोप्यावर आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, फ्रेंच म्हणजे कशी आसता ती आदी आयकूक होयी. बगल्याबगर कशाक भियांव?"

आता डिचोलीत फ्रेंच कुठून आणायचं? कुंदाच्या माहेरच्या नात्यातले विठ्ठलबाब फोंड्याला राहत. पोर्तुगीज अमदानीत ते लिसेंवात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, शिकलेले. तिथे त्यांना फ्रेंच होतं. एका रविवारी आम्ही सगळे, मुलांसकट, फोंड्याला धडकलो. विठ्ठलबाब खिडकीजवळच्या कदेलवर बसून चहात पाव बुडवून खात होते. फ्रेंचचं नाव काढताच पाव चहात तसाच राहिला आणि विरघळून गेला. किती तरी वर्षांत त्यांना कुणी फ्रेंचबद्दल विचारलं नव्हतं. ते उठून उभे राहिले, धोतर सारखं केलं आणि एक लांबलचक कविता म्हणून दाखवली. आम्हाला ओ का ठो कळलं नाही, पण बापूनं टाळ्या वाजवल्या.

"फ्रेंच नाकांत आसता," विठ्ठलबाब म्हणाले. "म्हण, आंफां. आंफां म्हणजे मूल."

"आंफां," वैनी म्हणाल्या.

विठ्ठलबाब थबकले. "परत म्हण."

"आंफां!"

"तूं खंयची गो?"

"पेडण्याची."

"तरीच!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "तुमचें तें 'बरां' आनी 'खरां'. तेंच तें नाक! अगो, लिसेंवांत आमका हें शिकपाक वर्स लागलें. तूं घरांतल्यान घेवन आयल्या!"

वैनींना असा काही चेव चढला, की त्या 'बरां, खरां, आंफां' म्हणत खोलीभर फिरल्या. बापू त्यांच्यामागून फिरला. कुंदाही फिरली. मग विठ्ठलबाब शमाकडे वळले आणि मायेनं म्हणाले, "आनी तूं गो चेडवा? म्हण पळोवया."

शमा आईच्या पदरात गेली. विठ्ठलबाबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. पदर फक्त घट्ट झाला. शेवटी ते हळूच कुंदाला म्हणाले, "उलयना व्हय ती?"

सुरुवातीला म्हटलं ती बस हीच. वैनी खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, शमा त्यांच्या मांडीवर झोपली होती. अर्ध्या वाटेवर त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "भावोजी, भाशा कळली. आता त्या शाळेत शिकलेलो मनीस बगूया."

"तो कुठे बघायचा?"

"हरमलाक! थंय दर्येवेळेर पडलेत मगे ढीगभर."

हरमल म्हणजे त्यांच्या माहेराकडचा समुद्रकिनारा. तिथे तेव्हा परदेशी पोरं झोपड्या करून महिनोन्महिने राहत. घरंदाज बायका त्या बाजूला फिरकत नसत. वैनी मात्र पुढच्या रविवारी अनंतला आणि मला घेऊन, छत्री उघडून, वाळूतून ताडताड निघाल्या. भेटेल त्याला विचारत, "यू फ्रेंच? यू फ्रेंच?" एक जर्मन निघाला, एक इटालियन. एक उघडाबंब माणूस पाण्यात पळून गेला. शेवटी माडांखाली तीन दगडांवर मासळीची कढी रांधत बसलेला एक दाढीवाला म्हणाला, होय, मी फ्रेंच.

वैनी त्याच्या पुढ्यात फतकल मारून बसल्या. आधी त्यांनी कढी चाखली. "चिंच घातली काय रे तू? देवा! बांगड्याक सोलां घालतत." पिशवीतून सोलांची, म्हणजे आमसुलांची, पुडी काढून त्यांनी त्याच्या भांड्यात टाकली. मग शाळा. मी इंग्रजीत विचारत होतो, तो सांगत होता. योगायोग बघा: त्याचा बाप धरणं बांधणारा इंजिनियर, पोरगा चार देशांत वाढलेला, प्रत्येक ठिकाणी फ्रेंच शाळेत. चार भाषा येत होत्या.

वैनींनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. लुंगी, जटा, गळ्यात शिंपले. मग अनंतला विचारलं, "इतकी म्हागाची शाळा शिकान मनीस असो जाता काय रे?"

अनंतनं प्रामाणिकपणे त्याचं इंग्रजी करून सांगितलं. तो माणूस इतका हसला की कढीत राख उडाली. म्हणाला, नाही, हे मी स्वतःच्या कष्टानं झालोय, शाळेचा दोष नाही.

"तेका विचार, चार भाशांतली तेची खंयची?"

आता तो हसेना. कढी ढवळत राहिला. ढवळता ढवळताच बोलला आणि मी ते वैनींना सांगितलं: ज्या भाषेत माझी आई माझ्यावर ओरडायची, ती माझी. बाकीच्या शिकलेल्या.

वैनींचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. "म्हणजे माका फकत बोबो मारूची? ती मिया मारतंयच!" त्या उठल्या, त्या दाढीवाल्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, राहिलेली सोलां त्याला देऊन टाकली आणि बजावलं, आईला पत्र घाल.

पण शमा? तिच्यावर हरमलात उत्तर नव्हतं. वैनींनी ते सुर्ल्यात शोधलं.

सुर्ला खाणीचं गाव. तिथे त्यांची नणंद विमल राहायची. तिच्या नवऱ्याचे खनिज वाहणारे ट्रक होते. घरामागच्या मोकळ्या जागेत ड्रायव्हर-क्लीनरांची बिऱ्हाडं, बरीचशी कर्नाटकातली. त्यांची मुलं कन्नडशिवाय काही बोलत नसत. मे महिन्याच्या सुट्टीत वैनींनी शमाला विमलकडे नेऊन सोडलं. बापूला मुद्दाम बरोबर दिलं नाही. तो असला की शमाच्या वाटचंही तोच बोलायचा. विमलला ताकीद दिली: "मधी पडूचा नाय. तेचा काय होयां ता होऊं दी."

तातांना कळलं तेव्हा ते दोन दिवस सुनेशी बोलले नाहीत. पोरीला टाकून आली, म्हणाले. वैनी वरून हसत होत्या, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीनदा आमटीत मीठ घातलं नाही, हे मला बापूनं सांगितलं.

सुट्टी संपताना तिला आणायला निघाल्या तेव्हा माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. सुर्ल्याच्या रस्त्याला सगळं लाल: झाडं, घरं, कुत्रे, आणि पोहोचेपर्यंत आम्हीही. विमल दारातच उभी होती. ती काही बोलणार, एवढ्यात घरामागून एक खणखणीत आवाज आला.

"बरली! बरली! बरली... साकु!"

ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतात तसं. येऊ दे, येऊ दे, पुरे. मला वाटलं, कुणी क्लीनरचं पोर असेल. पण वैनींनी माझा दंड धरला. आम्ही एका उभ्या ट्रकच्या आडून डोकावलो. जुन्या टायरांच्या ढिगावर शमा उभी. केसांत लाल धूळ, फ्रॉकला ग्रीस. खाली पाच-सहा मुलं एक मोडकं स्टिअरिंग धरून ट्रक झाली होती. शमा त्यांना मागे घेत होती, थांबवत होती, चुकलेल्याला झापत होती. एक मुलगा काही उलट बोलला, तर तिनं कमरेवर हात ठेवून त्याला अशी काही लांबलचक कन्नड सुनावली की ट्रकचे तीन तुकडे होऊन ते हसत लोळू लागले.

मी पुढे जायला लागलो, तर वैनींनी मला मागे खेचलं. पदर तोंडात कोंबून त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "जाऊ नकात," त्या कुजबुजल्या. "आमका बगलां की ती गप जातली. भावोजी, हयसर तेका कोण वळखणा नाय. ती बोलना नाय ह्या कोणाक म्हायतच नाय! म्हणान बोलता!"

आम्ही त्या ट्रकच्या आड, लाल धुळीत, पोरगी थकेपर्यंत उभे राहिलो.

आता फक्त एक अडचण उरली. प्रकाशचा पुन्हा फोन आला. शाळेतल्या बाई विचारतात, मुलांची घरची भाषा कुठली? त्या तासासाठी नोंद करायची आहे. एकच सांगा.

दुकानात त्या वेळी तात होते, अनंत होता, मी काडेपेटी घ्यायला गेलो होतो आणि गिऱ्हाईकं पाच-सहा होती.

"मराठी," तात म्हणाले.

"कोंकणी," अनंत म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. गिऱ्हाईकं दोन बाजूंना वाटली गेली. तांदूळ मोजणारा गडी माप हातात घेऊन भाषण देऊ लागला. आफ्रिकेतून प्रकाश 'हॅलो, हॅलो' करत होता आणि त्याच्या पैशांचा चुराडा होत होता. वैनी आतून पीठभरल्या हातांनी आल्या, फोन घेतला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, भुरगीं दोन आसत मां? मग भाशाय दोन घाला! शमाची मराठी, बापूची कोंकणी!"

गडी परत तांदूळ मोजू लागला. तातांनी मनात हिशेब केला: थोरलीला मराठी. अनंतनं केला: वंशाच्या दिव्याला कोंकणी. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. तातांनी स्वतः बरणी उघडून सगळ्यांना खडीसाखर वाटली. मग काउंटरला टेकून, दुसरीकडे बघत, ते सुनेला हळूच म्हणाले, "व्हर गो तिका. व्हर. पूण दिवाळेक हाड." मी ऐकलं. ने तिला, पण दिवाळीला घेऊन ये, असं कोंकणीतच म्हणाले.

विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. वजनात सामान जास्त भरलं तेव्हा वैनींनी बॅग तिथेच फरशीवर उघडली. तातांनी शमासाठी दिलेली मराठीची पुस्तकं, अनंतनं बापूसाठी दिलेल्या कोंकणी गाण्यांच्या कॅसेटी, आणि पापड. त्यांनी स्वतःच्या साड्या काढून कुंदाच्या हातात दिल्या आणि बॅग बंद केली. कुंदा त्यातली एक अजून नेसते.

पुढची हकिगत आम्हाला ते पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा कळली. सुरुवात काही सोपी गेली नव्हती. पहिले कितीतरी दिवस शमा तिथेही गप्पच. प्रकाश घाबरला. वैनी रोज शाळेच्या पायरीवर जाऊन बसायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना घरी जायला सांगितलं, तर यांनी त्यांनाच विचारलं, तुमी खंयच्या शाळेक गेल्लात? शेवटी त्या बाईंनी कंटाळून यांनाच घरच्या भाषेचा तास घ्यायला बसवलं. वैनींनी तासाला रव्याचे लाडू नेले. दुसऱ्या आठवड्यापासून तासाला सेनेगलची दोन आणि लेबनॉनची तीन मुलं येऊ लागली. त्यांना 'भटो, भटो, खंय गेल्लो' खेळायला शिकवण्याचं काम शमावर आलं. ते फ्रेंचमध्ये समजावल्याशिवाय भागेना. तिनं समजावलं.

त्या सुट्टीत तातांनी मला भर बाजारात हाक मारली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, ब्लडप्रेशर. "मास्तर, शमा माझ्याशी भांडली हो! राजभाषेवरून! माझे मुद्दे खोडून काढले, तेही शुद्ध मराठीत!" एवढं सांगून ते शेजारच्या कापडवाल्याकडे गेले आणि त्यालाही तेच सांगितलं. मग न्हाव्याकडे. त्या दिवशी अख्ख्या बाजाराला कळलं की तातांच्या नातीनं त्यांना हरवलं.

नंतर प्रकाशची नोकरी आणखी दूर गेली, तात गेले, दुकान दुसऱ्यानं घेतलं. वैनी आता कॅनडात असतात म्हणे. डिचोलीला येणं होत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तात असतानाच्या एका सुट्टीत, डिचोलीच्या मासळी बाजारात. त्या दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. मी रस्त्याच्या पलीकडे स्कूटरवर होतो, मागे कुंदा, आणि पुढे बस आडवी लागलेली. वैनी एका मासळीवालीपुढे उकिडव्या बसून इसवणाची किंमत करत होत्या. मासळीवालीनं भाव सांगितला. वैनी तिरीमिरीत ओरडल्या, "त्रो शेर!"

फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ फार महाग, हे मला बापूनं नंतर सांगितलं. मासळीवालीनं हातातला सुरा खाली ठेवला. "शेर? खंयचो शेर गो बाये? हांगा वांट्यान विकतात! शेर-मापटें तुज्या मांवाच्या दुकानार!"

वैनींना आधी कळेना. मग सासऱ्यांच्या दुकानातला तो शेर कळला. त्या हसू लागल्या. हसता हसता तोल गेला आणि त्या मागच्या पालथ्या पाटीवर बसल्या. मासळीवालीला काही कळलं नव्हतं, पण त्यांच्याकडे बघून तीही हसू लागली. शेजारची हसू लागली, पलीकडची सुंगटवाली हसू लागली, आणि सगळी रांगच्या रांग, कशाला ते ठाऊक नसताना, खदखदत सुटली. कुंदानं मागून हात हलवून 'वैनी!' अशी हाक मारली. त्यांना ती ऐकू गेली नाही. त्यांचे डोळे मिटले होते, पदर खांद्यावरून ओघळला होता, आणि मासळीवाली एका हातानं स्वतःचं पोट धरून दुसऱ्या हातानं त्यांना पाण्याचा तांब्या देत होती.